खाऊ, दत्तक आणि वाघ



वेफर्स आणि कुरकुरीत खाऊ विकणाऱ्या एखाद्या कंपनीनं प्राणिउद्यान काढलं तर? दारात पाकिटावरचा हसरा बाहुला, आत वाघ, बिबटे, माकडं आणि बाहेर पडताना त्याच कंपनीचं दुकान. ऐकायला गंमत वाटते, पण जगात हे खरोखर घडलेलं आहे. भारतात तसंच्या तसं घडणं अवघड आहे. त्याची कारणं कायद्यात आहेत. मात्र या कल्पनेच्या जवळ जाणाऱ्या गोष्टी आपल्याकडेही आहेत आणि त्यातली एक आपल्या भोपाळमध्ये, मोठ्या तलावाच्या काठावर रोज सुरू असते.

या लेखात आपल्याला एकच प्रश्न तपासायचा आहे. व्यापारी नाव आणि जिवंत प्राणी एकत्र आले की त्या प्राण्याची जबाबदारी कोणावर असते, आणि किती दिवस? आपलं मंडळ भाषेचं असल्यामुळे वाटेत दोन मराठी शब्दांपाशी थोडं थांबू: ‘खाऊ’ आणि ‘दत्तक’.

१. बटाट्यापासून वाघापर्यंत

आधी मूळ उदाहरण पाहू. आयर्लंडमध्ये ‘टेटो’ नावाचे वेफर्स घरोघरी खाल्ले जातात. 1954 मध्ये जो मर्फी या गृहस्थांनी डब्लिनमध्ये ही कंपनी सुरू केली. त्या काळी वेफर्स नुसते तळलेले असत. फार तर सोबत मिठाची पुडी मिळे. मर्फी यांच्या कंपनीनं चीज आणि कांद्याची चव थेट वेफर्सला लावली आणि तिथून चवीच्या वेफर्सचं युग सुरू झालं.

पुढे या कथेत रे कोयल हे दुसरे गृहस्थ येतात. ते मुळात बटाट्याचे शेतकरी. भाव कोसळून कर्जात बुडाल्यावर त्यांनी आपली जमीन सोडतीवर, म्हणजे तिकिटं विकून काढली. 1983 मध्ये त्यांनी ‘लार्गो फूड्स’ ही वेफर्सची कंपनी काढली आणि 2006 मध्ये टेटो हे नावच विकत घेतलं. पाकिटावरचा लाल कोटातला बटाटेबुवा, ‘मिस्टर टेटो’, आता त्यांचा झाला. त्यांनी या बुवाला लोकांच्या घरात नेऊन बसवलं. 2007 च्या आयरिश निवडणुकीत तर मिस्टर टेटोचे उमेदवारासारखे प्रचारफलक रस्त्यांवर लागले होते.

नोव्हेंबर 2010 मध्ये मीथ परगण्यात, कारखान्याजवळ, ‘टेटो पार्क’ उघडलं. कोयल यांच्याकडे आधीपासून अमेरिकन गव्यांचा, म्हणजे बायसनचा कळप होता. त्या कळपाच्या जोडीला हळूहळू प्राणिसंग्रहालय उभं राहिलं: आमूर वाघ, बिबटे, प्यूमा, लेमूर. मुलांसाठी खेळ आले आणि 2015 मध्ये लाकडी सांगाड्याचा मोठा रोलर कोस्टर आला. लोक शनिवार-रविवारी गाड्या भरून येऊ लागले.

आता या कथेतला आपल्या कामाचा भाग. मधल्या काळात लार्गो फूड्स जर्मनीच्या ‘इंटरस्नॅक’ या मोठ्या कंपनीकडे गेली. उद्यान मात्र कोयल कुटुंबाकडेच राहिलं. म्हणजे वेफर्स एकाचे आणि वाघ दुसऱ्याचे, अशी स्थिती झाली. उद्यानावरचं टेटो हे नाव आता करारापुरतं होतं. करार संपला आणि 1 जानेवारी 2023 पासून उद्यानाचं नाव ‘एमराल्ड पार्क’ झालं. मिस्टर टेटो निघून गेले. वाघ कुठे गेले? कुठेच नाही. ते होते तिथेच राहिले. त्यांना पूर्वीइतकंच मांस लागत होतं, तोच पशुवैद्य लागत होता, तेच कुंपण लागत होतं.

टेटो पार्कची ही गोष्ट वाईट शेवटाची नाही. उद्यान चालू आहे, प्राणी सांभाळले जात आहेत. पण तिनं आपल्याला एक साधं सत्य दाखवलं: नाव देणाऱ्याला आपलं नाव काढून नेता येतं, प्राण्याला मात्र तिथून निघता येत नाही.

२. चॉकलेट आणि बिअर

असं करणारे कोयल पहिले नव्हेत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मिल्टन हर्षी यांनी चॉकलेटच्या कारखान्याभोवती एक अख्खं गाव वसवलं. कामगारांसाठी बाग केली आणि 1910 च्या सुमारास तिथे प्राणिसंग्रहालयही उभं राहिलं. पुढे ते बंद पडलं आणि 1978 मध्ये ‘झूअमेरिका’ या नावानं नव्या रूपात उघडलं. या वेळी त्यांनी एक मर्यादा घालून घेतली: फक्त उत्तर अमेरिकेतले प्राणी ठेवायचे. ‘जगातलं सगळं दाखवतो’ हा जुना हव्यास सोडला आणि आपल्या खंडातल्या जिवांची ओळख करून द्यायची, एवढंच काम हाती घेतलं.

तिसरं उदाहरण बिअरचं आहे. ‘अनहायझर-बुश’ या मद्य कंपनीनं 1959 मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे आपल्या कारखान्याला लागून पक्ष्यांची बाग काढली. पाहुणे येत, पक्षी बघत, बिअर चाखत. तिचं पुढे ‘बुश गार्डन्स’ हे प्रचंड प्राणिउद्यान झालं. 1989 मध्ये कंपनीनं देवमासे आणि डॉल्फिन दाखवणारी ‘सीवर्ल्ड’ उद्यानंही विकत घेतली. 2008 मध्ये ही मद्य कंपनीच ‘इनबेव्ह’ या दुसऱ्या मद्य कंपनीनं गिळली आणि 2009 मध्ये सगळी उद्यानं ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूक कंपनीला विकली गेली. दोन बिअर कंपन्यांच्या व्यवहारात हजारो प्राण्यांचे मालक बदलले. जिराफाला याची खबर असायचं कारण नाही. पण त्याच्या चाऱ्याचा हिशेब त्या दिवसापासून वेगळ्या टेबलावर होऊ लागला.

वेफर्सच्या पाकिटावर ‘इतक्या महिन्यांच्या आत खावे’ असं छापलेलं असतं. साधारण चार महिने. जाहिरातीची मोहीम एखादा हंगाम चालते. प्रायोजकत्वाचा करार काही वर्षांचा. बंदिस्त जागेत नीट सांभाळलेला वाघ मात्र सोळा, अठरा, कधी वीस वर्षंही जगतो. कासवाचं तर विचारूच नका. या काळांचा मेळ बसत नाही. खरी अडचण इथेच आहे.

३. भारतात असं का होत नाही?

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 1991 मध्ये प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं आणि 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. या प्राधिकरणाची मान्यता नसेल तर देशात कोणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. नवं काढायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. वाघ-बिबट्यासारखे वन्य प्राणी ही सरकारची मालमत्ता मानली जाते. ते बाजारातून विकत आणता येत नाहीत. एका मान्यताप्राप्त संग्रहालयातून दुसरीकडे रीतसर अदलाबदलीनं येतात.

त्यामुळे इंदूरचा एखादा नमकीनवाला उद्या म्हणाला, ‘सेवेचा धंदा जोरात आहे, चला दोन वाघ पाळू,’ तर ते जमणार नाही. त्याला दुसऱ्या वाटा आहेत. कंपनी कायदा 2013 नुसार ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करावी लागते आणि त्या कामांच्या यादीत वनस्पती-प्राण्यांचं संरक्षण व प्राणिकल्याण आहे. आपल्याच राज्यातलं कुनो आठवा. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते तिथे आले; त्याच्या महिनाभर आधी इंडियन ऑइल या सरकारी कंपनीनं या प्रकल्पासाठी पन्नास कोटींहून अधिक रुपये देण्याचा करार केला होता.

म्हणजे पैसा कंपन्यांकडून येतो, यायलाच हवा. पण कोणत्या दारातून आणि कोणत्या शर्तीवर, हे पाहायला हवं. त्यासाठी आता घरी येऊ.

४. वनविहार

बोट क्लबकडून निघालं की डाव्या-उजव्या गप्पा थांबतात आणि तलावाच्या काठानं एक दार लागतं: रामू गेट. भदभद्याच्या बाजूचं दुसरं दार म्हणजे चिकू गेट. दोन दारांच्या मधला सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता म्हणजे वनविहारचा कणा. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला राजा भोजाच्या नावानं ओळखलं जाणारं पाणी. हा भोज पाणथळ प्रदेश 2002 पासून रामसर यादीत आहे.

वनविहारचं क्षेत्र अवघं 4.45 चौरस किलोमीटर. 1983 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याआधी इथली टेकडी दगडासाठी खणली जात होती. कागदोपत्री हे राष्ट्रीय उद्यान, पण चालवलं जातं प्राणिसंग्रहालय म्हणून, प्राधिकरणाच्या नियमांनुसार. चितळ, सांबर, नीलगाय मोकळी फिरतात. वाघ, बिबटे, अस्वलं, तरस मोठ्या कुंपणांमध्ये असतात.

या जागेचा सगळ्यात महत्त्वाचा नियम फलकावर पटकन दिसत नाही. दाखवण्यासाठी म्हणून इथे जंगलातून प्राणी पकडून आणत नाहीत. जे येतात ते अनाथ पिल्लू म्हणून, जखमी म्हणून, गावाशी झटापट झाल्यावर पुन्हा सोडता येत नाही म्हणून, नाहीतर दुसऱ्या संग्रहालयातून अदलाबदलीनं.

2006 पासून इथे अस्वलांचं बचाव केंद्र आहे. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था आणि वनविभाग मिळून ते चालवतात. दरवेशी नाचवायचे ती ही अस्वलं. पिल्लू आईपासून तोडायचं, नाकाडात तापलेल्या सुईनं भोक पाडून दोर ओवायचा, आणि दोर खेचला की दुखतं म्हणून ते उभं राहून हलतं. त्याला आपण नाच म्हणत आलो. 2009 मध्ये देशातलं शेवटचं नाचरं अस्वल सोडवलं गेलं असं मानतात. अशी अस्वलं जंगलात परत जाऊ शकत नाहीत. त्यांना आयुष्यभराचं घर हवं असतं.

दुसरं उदाहरण केरव्याचं. भोपाळच्या कडेला केरवा इथे गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. वनविहार आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांच्या सहकार्यानं ते उभं राहिलं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहूनही जास्त घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. केरव्याची गिधाडं लोकांना दाखवायला ठेवलेली नाहीत. तिथे तिकीट नाही, फोटो नाही, आइस्क्रीम नाही.

आता कल्पना करा, कोणती खाऊ कंपनी आपल्या पाकिटावर गिधाड छापेल? वाघ छापेल, पांडा छापेल, पेंग्विन तर नक्कीच. नाकाला भोक पडलेलं म्हातारं अस्वल छापणार नाही. व्यापारी नावाला देखणा, चपळ, ओळखीचा प्राणी लागतो. संरक्षणाला बहुतेक वेळा नेमका न देखणा प्राणी सांभाळावा लागतो. ही कंपन्यांची खोड म्हणून सांगत नाही. जाहिरातीचा तो स्वभावच आहे. म्हणून कोणता प्राणी ठेवायचा हे जाहिरातीला ठरवू देऊ नये.

५. ‘दत्तक’ म्हणजे काय?

2009 च्या सुरुवातीपासून वनविहारात प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. व्यक्ती, संस्था, कंपनी, कोणीही पुढे येऊ शकतं. महिना, तीन महिने, सहा महिने किंवा वर्षभराचा त्या प्राण्याचा खर्च भरायचा. वाघाचा खर्च मोठा, वर्षाला लाखांच्या घरात. लहान प्राण्यांचा अर्थातच कमी. देणाऱ्याचं नाव फलकावर लागतं. प्राणी मात्र जागचा हलत नाही, त्याचं खाणंपिणं आणि औषधपाणी वनविभागच ठरवतो.

योजना चांगली आहे. पण शब्दाकडे बघू. मराठीत ‘दत्तक’ हा शब्द हलका नाही. दत्तक मूल घराण्याचं नाव घेतं, वारस होतं, आणि ते नातं मोडता येत नाही. दत्तकावरून आपल्याकडे राज्यं गेली आहेत: दत्तक वारस नामंजूर करून इंग्रजांनी 1848 मध्ये सातारा घेतलं आणि 1854 मध्ये झाशी व नागपूर. असा जड शब्द आपण महिनाभराच्या पावतीला लावतो. इथे भोपाळमध्ये हिंदीत तर ‘गोद लेना’ म्हणतात. गोद म्हणजे मांडी! वाघाला मांडीवर कोण घेणार? वाघाचंही मत विचारायला हवं.

विनोद सोडला तर मुद्दा असा की या योजनेचं नेमकं वर्णन ‘खर्चाचं पालकत्व’ असं होईल. आणि गंमत म्हणजे, शब्द चुकीचा असला तरी रचना बरोबर आहे. दत्तक घेणारा बदलतो, फलक बदलतो, पण घर बदलत नाही. एखाद्या कंपनीनं पुढच्या वर्षी रक्कम भरली नाही तर वाघाचं जेवण बंद होत नाही; ती जबाबदारी सरकारच्या अंगावर आधीपासूनच असते. टेटो पार्कच्या दारावरचं नाव हीच उद्यानाची ओळख होती. वनविहारात ते कुंपणासमोरच्या एका लहान पाटीवर असतं. नाव किती मोठं लावायचं हा केवळ रंगकामाचा प्रश्न नसतो. नाव जेवढं मोठं, तेवढी ती जागा त्या नावाच्या सोयीनं चालू लागते.

६. ‘खाऊ’ म्हणजे काय?

दुसरा शब्द खास आपला. ‘खाऊ’ म्हणजे जेवण नव्हे. बाहेरून येणाऱ्या काका-मावशीनं मुलाच्या हातावर ठेवायची ती गोष्ट. आजी जाताना ‘खाऊला घे’ म्हणून नोट देते. खाऊत भूक कमी आणि माया जास्त असते. म्हणूनच खाऊ विकणारी कंपनी चवीच्या आडून नातं विकते. पाकिटावर बाहुला हवा असतो तो त्यासाठी. इकडे इंदूर-भोपाळकडे आपण ‘नमकीन’ म्हणू लागलो, त्यात मीठ आलं पण माया गेली, असं माझं मत.

आता हीच माया कुंपणापाशी जाते तेव्हा काय होतं? माणूस प्राणी बघून हरखतो आणि त्याचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. ‘बिचारा बघतोय, एक दे ना!’ मायेचीच भाषा ही, पण चितळाच्या पोटाला ती कळत नाही. चितळ रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव गवत-पाला आंबवून त्याचं अन्न करतात. तिथे एकदम मैदा, साखर, तळलेलं पिष्ट पडलं की आम्ल वाढतं, सूक्ष्मजीव मरतात, प्राणी आजारी पडतो. पाकीट तर आणखी वाईट. मिठाच्या चवीनं प्राणी ते चाटतो, चघळतो आणि गिळतो. प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर मिळून बनलेलं ते पाकीट पचत नाही, पुढे सरकत नाही. कप्प्यात साठत जातं. पोट भरलेलं वाटतं आणि जनावर उपाशी मरतं.

तिसरी हानी सवयीची. हातातून मिळतं हे कळलेलं माकड ओरबाडायला शिकतं, हरीण रस्त्यावर गाड्यांपुढे उभं राहतं. मागून खाणारा प्राणी बघायला लोकांना आवडतो, पण त्यात दरवेशाच्या दोराचाच एक धागा आहे. फक्त तो दिसत नाही.

म्हणून कायद्याचं कलम 38-जे सांगतं की प्राणिसंग्रहालयात कोणीही प्राण्याला चिडवू नये, इजा करू नये, खायला घालू नये, गोंगाट करू नये, कचरा टाकू नये. मोडल्यास दंड आणि कैदही होऊ शकते. खायला घालणं हे इथे चिडवण्याच्या आणि इजा करण्याच्या पंक्तीला बसवलं आहे, हे लक्षात घ्या. आपल्या ‘खाऊ’ या शब्दाला हे कठोर वाटेल, पण शास्त्र कायद्याच्या बाजूनं आहे. कित्येक संग्रहालयांत वाघाला आठवड्यातून एक दिवस उपास असतो. एकादशीचा नव्हे, जंगलात रोज शिकार मिळत नाही, म्हणून. तिथेही माया असतेच, पण ती न देण्यातून व्यक्त होते.

खाऊ कंपनीच्या प्राणिउद्यानातली मूळ विसंगती इथे उघडी पडते. बाहेर जे विकायचं तेच आत न्यायला मनाई करायची. एखादी कंपनी हे प्रामाणिकपणे करूही शकेल: दारातच पाकिटं जमा करून घेईल, रिकामी पाकिटं परत घेण्याची सोय करेल. पण तिच्या विक्रीचा आकडा आणि चितळाचं पोट यांची ओढ उलट दिशांना राहणार, हे मान्य करूनच पुढे जावं लागेल.

७. नांदणीची हत्तीण

व्यापारी नाव आणि प्राणी यांची गाठ किती नाजूक असते हे महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलं. जुलै 2025 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण, लोक तिला माधुरी म्हणतात, न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात नेण्यात आली. वनतारा हे रिलायन्स समूहाचं केंद्र. कॅम्पा कोला विकणाराही हाच समूह. प्राणिहक्काच्या बाजूनं सांगितलं गेलं की तिच्या पायांना दुखणं आहे आणि तिला उपचार हवेत. गावाच्या बाजूनं सांगितलं गेलं की ती तीन दशकं आमच्यात राहिली, ती आमच्या घरातली आहे. निरोपाला गाव रडलं. आणि मग लोकांनी काय केलं? जिओची सिमकार्डं बदलायला सुरुवात केली.

इथे कोणाची बाजू बरोबर हे ठरवणं हा या पाठाचा विषय नाही. लक्षात घ्यायचं ते हे: आदेश न्यायालयाचा होता, पण राग कंपनीच्या नावावर निघाला. प्राण्यापाशी कंपनीचं नाव लागलं की श्रेयही तिचं आणि दोषही तिचा. हत्तिणीच्या पायांची चर्चा बाजूला पडून मोबाइलच्या कंपनीची चर्चा होऊ लागते. नाव मोठं झालं की प्राणी लहान होतो.

८. चार कसोट्या

इतकं पाहिल्यावर पुढे कधी अशी योजना समोर आली, मग ती खाऊची असो, मोबाइलची असो वा बँकेची, तर तिला हे चार प्रश्न विचारावेत असं मला वाटतं.

पहिला: प्राणी कुठून आला? त्याला घर हवं होतं म्हणून आला, की उद्यानाला चेहरा हवा होता म्हणून आणला?

दुसरा: नाव निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोण खाऊ घालणार? याचं उत्तर करारात लिहिलेलं आहे का, पैसा वेगळा ठेवलेला आहे का?

तिसरा: कोणता प्राणी ठेवायचा, किती, कशा जागेत, हे कोण ठरवतं? पशुवैद्य आणि वन अधिकारी, की विक्री विभाग?

चौथा: न दिसणाऱ्या कामाला पैसा मिळतो का? केरव्याच्या गिधाडाला, म्हाताऱ्या अस्वलाला, जखमी तरसाला?

वनविहार या चारही प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवतं असा दावा नाही. सरकारी जागेला सरकारी मर्यादा असतात. पण त्याची घडण या प्रश्नांची दखल घेणारी आहे, आणि म्हणूनच ती जपायला हवी. ‘इथे बघायला काहीच नाही, वाघ झोपलेलाच असतो,’ असं म्हणत बाहेर पडणारे लोक असतात. झोपलेला वाघ ही तक्रार नव्हे. दुपारी वाघ झोपतोच. त्याला झोपू देणारी जागा शहरात शिल्लक आहे, ही भोपाळची मिळकत आहे. करमणूक वाढवा, खेळ आणा, दुकानं वाढवा ही मागणी जेव्हा जोर धरते, तेव्हा पहिली गदा या झोपेवरच येते.

आपल्याकडे काय आहे? खाऊचे पैसे आहेत. दहा रुपयांचं पाकीट आपण दिवसातून किती वेळा घेतो, ते मोजलं नाही तरी माहीत असतं. चाळीस जणांच्या वर्गानं महिनाभर रोज एक पाकीट टाळलं तर बारा हजार रुपये होतात. लहानशा प्राण्याच्या खर्चाला हातभार लागेल इतकी ही रक्कम. फलकावर नाव लागलं तर लागलं, नाही लागलं तर उत्तमच. खाऊ द्यायचा असेल तर तो असा द्यावा.

वर्गात चर्चेसाठी

१. ‘दत्तक’, ‘पालकत्व’, ‘प्रायोजकत्व’ या शब्दांतला फरक स्पष्ट करा. वनविहारच्या योजनेला तुम्ही कोणतं मराठी नाव द्याल?

२. ‘प्राणिसंग्रहालय’, ‘प्राणिउद्यान’, ‘राणीची बाग’, ‘वनविहार’ या नावांतून प्राण्यांकडे बघण्याच्या कोणत्या दृष्टी दिसतात? ‘संग्रह’ हा शब्द सजीवांना लावावा का?

३. नांदणीच्या हत्तिणीबाबत गावाची आणि प्राणिहक्कवाल्यांची बाजू प्रत्येकी दहा वाक्यांत मांडा. दोन्ही बाजू तितक्याच आपुलकीनं लिहायच्या, ही अट.

४. गिधाड, तरस किंवा वटवाघूळ यांपैकी एकासाठी खाऊच्या पाकिटावर छापता येईल असा चार ओळींचा मराठी मजकूर लिहा. प्राण्याला गोंडस न करता तो वाचणाऱ्याला आपला वाटला पाहिजे.

५. वनविहारात जाऊन कोणत्याही एका कुंपणापुढे वीस मिनिटं शांत बसा. प्राणी काय करतो हे लिहू नका. बघणारी माणसं काय करतात, काय बोलतात, कशाला हात लावतात, एवढंच टिपून आणा. पुढच्या बैठकीत ती टिपणं वाचू.